अपुरे काम आणि बुडीत खाते

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजाराभोवतीच्या व्यापारी घरांत उधारीची नोंद काटेकोर असते. पण अर्धवट शिकलेली पेटी, चार पानांवर थांबलेली वंशावळ यांची नोंद कोठेच नसते. वास्तविक तीही उधारीच; धनको आणि ऋणको तेवढे एकच.

याच नागपुरात १९१६च्या सुमारास डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी स्थापन करून भांडवल उभारले. पुढे काम पुण्यास गेले, अडचणीही पुष्कळ आल्या; तरी २३ खंड तडीस गेले. विद्वत्ता आणि चिकाटी होतीच. परंतु लोकांचा पैसा गुंतला होता, ही बाबही लहान नाही. भागधारकांना मधेच ‘आता मन उरले नाही’ असे सांगता येत नाही. त्याच केतकरांनी हाती घेतलेला गुजराती ज्ञानकोश मात्र पूर्णत्वास गेला नाही. तेवढ्यावरून त्यांना कोणी धरसोडीचा माणूस म्हणत नाही.

ज्या कामावर दुसऱ्याचा भरवसा आहे, ते पुरे करावे. केवळ स्वतःच्या हौसेचे असेल तर ते सोडल्याने दिवाळे निघत नाही. वाईट ते लटकत ठेवणे: कपाटातली जागा अडते आणि दर रविवारी मन खाते. वसूल न होणारी बाकी व्यापारी बुडीत खाती टाकतोच ना? पेटी शेजारच्या मुलीला देऊन टाकावी. वंशावळीची पाने मात्र धाकट्या भावाच्या हवाली करावीत. त्यांत आत्याने सांगितलेली नावे आहेत आणि आत्याला आता विचारता येणार नाही.