करवंदाचं सिरप, बुडबुड्यांची वाईन

एप्रिल-मेमध्ये रसायनीजवळच्या माणिकगडाच्या उतारांवर आणि तिकडे कर्जत-माथेरानच्या डोंगरांत करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर होतात. ठाकूर-कातकरी बायका पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन विकायला बसतात. कीर रॉयाल या कॉकटेलमध्ये फ्रेंच लोक शॅम्पेनखाली ब्लॅककरंटचं गोड मद्य घालतात. माझ्या मते त्या जागी करवंद अधिक शोभतं. रंग तसाच गडद, आंबटपणा आहेच, शिवाय थोडा तुरटपणा.

अर्धा किलो पिकलेली करवंदं धुऊन कपभर पाण्यात मंद आचेवर ठेवायची. दहाएक मिनिटांत सालं फुटली की गॅस बंद. जास्त उकळू नये. करवंदात पेक्टिन भरपूर असतं, म्हणून त्याची जेली सुरेख होते, पण सिरपला तोच गुण नडतो. रस मलमलच्या फडक्यातून आपसूक गळू द्यावा. पिळला तर गर उतरून सिरप गढूळ होतं.

रसाच्या वजनाइतकी साखर घालून ती विरघळेपर्यंतच गरम करावं. हे फ्रीजमध्ये दोनेक आठवडे राहतं. साखर दुप्पट केली तर बरंच जास्त टिकतं, कारण साखर पाणी धरून ठेवते आणि बुरशीच्या वाट्याला ते येत नाही. कोकमाच्या सालांत साखर भरून बरणी उन्हात ठेवतात, त्यातही हेच तत्त्व; फक्त तिथे आच लागत नाही, साखरच सालांतला रस ओढून काढते. ते कोकमही चालेल, पण जिरं-मीठ घालण्याआधीचं. जिऱ्याच्या कणाकणावर बुडबुडे धरतात आणि ग्लास उतू जातो.

शॅम्पेन हे नाव फ्रान्समधल्या त्याच नावाच्या प्रांतातल्या वाईनचं. पद्धत मात्र १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला आणली. आता दिंडोरीलाही अशी वाईन होते. बंद बाटलीत यीस्ट पुन्हा साखर खातं, निघालेला कार्बन डायऑक्साइड वाईनमध्येच विरघळतो. आतला दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणून बूच उडवायचं नाही: ते घट्ट धरून बाटली फिरवायची. लेबलवर ‘ब्रूट’ पाहून घ्यावं. त्यात लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, गोडव्याचं काम आपलं सिरप करतं.

ग्लास आणि वाईन दोन्ही थंडगार हवीत, कारण गार द्रवात वायू जास्त टिकतो. आधी १५ मिली सिरप, मग ग्लास तिरका धरून १२० मिली वाईन, तीही दोन टप्प्यांत. सिरप जड, तळाशीच बसतं. लांब दांड्याच्या चमच्याने ते एकदाच वर उचलावं, घुसळू नये. जुन्या शॅम्पेन कॉकटेलमध्ये बिटर्समध्ये भिजवलेली साखरेची वडी टाकतात. तिच्या खरबरीत अंगावरून बुडबुड्यांची माळ सुटत राहते, आणि खरं सांगायचं तर चवीपेक्षा त्या देखाव्याचंच कौतुक जास्त.

उरलेल्या बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काही होत नाही. दाबाचं झाकण लावून ती फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी. न पिणाऱ्यांसाठी तेच सिरप, तेवढ्याच मापाने, गार सोड्यात.