दाढ ठणकण्यापूर्वी

भेडाघाटला नावेत बसलेल्या पाहुण्यांशी नावाडी सतत बोलत असतो. आता संगमरवरी कडे जवळ येतील, पुढे वाट बंद झाल्यासारखी दिसेल, मग पात्र पुन्हा मोकळे होईल. नर्मदेची खोली त्याने कमी होत नाही. नवख्या माणसाची धास्ती मात्र बरीच ओसरते. दंतवैद्याच्या खुर्चीत बसणाऱ्यालाही पुढे काय होणार हे आधी कळणे, एवढेच पुष्कळदा हवे असते.

परंतु त्या खुर्चीपर्यंत जाणेच अनेकजण टाळतात. जबलपूरच्या मराठी घरांतही दाढ ठणकू लागली की प्रथम लवंगेच्या तेलाचा बोळा निघतो. लवंगेतील युजेनॉलमुळे ठणका खरोखर कमी होतो. कीड थांबत नाही. कधी दुखणे आपोआप नाहीसे होते आणि घरचे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात दाढेतील मज्जा मृत झालेली असू शकते, आणि मुळाशी जंतुसंसर्ग चालूच असतो.

भीतीची खरी किंमत येथे मोजावी लागते. वरवरची कीड बहुधा एका बैठकीत साफ करून भरता येते. तीच मज्जेपर्यंत पोहोचली की रूट कॅनल करावे लागते, नाहीतर दाढ काढावी लागते. थकलेल्या हप्त्यावर व्याज चढावे तसाच हा प्रकार. बँक निदान नोटीस तरी पाठवते! शिवाय जंतुसंसर्गाने सुजलेला भाग आम्लधर्मी होतो आणि तेथे बधिर करणारे औषध नीट लागू पडत नाही. म्हणजे दुखेल म्हणून जो थांबतो, त्यालाच अधिक दुखण्याचा संभव असतो.

ही भीती नवी नाही आणि ती बाळगणाऱ्याने ओशाळण्याचेही कारण नाही. नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये ती मोजण्यासाठी चार प्रश्नांची श्रेणी तयार केली. त्यातील पहिला प्रश्न उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे या नुसत्या विचाराने काय वाटते, हाच आहे.

भीती वाटते हे दंतवैद्याला पहिल्याच भेटीत सांगावे. ती भेट केवळ तपासणीपुरती ठेवण्याची विनंती करता येते. शहरात हितकारिणी सभेचे दंत महाविद्यालय आहे. तेथे किंवा नेहमीच्या दवाखान्यात, प्रत्येक टप्पा आधी समजावून सांगा, असे म्हणण्यात संकोच नसावा. डावा हात वर केला की काम थांबेल, एवढा संकेत ठरवून घ्यावा. थांबवण्याची मुभा आहे हे ठाऊक असले की हात वर करण्याची वेळ क्वचितच येते. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी यांची माहिती अवश्य द्यावी. गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

इंजेक्शननंतर काही क्षण छाती धडधडली तर घाबरू नये. औषधात पुष्कळदा अॅड्रिनॅलिन मिसळलेले असते, त्याचा तो परिणाम. दाढ काढताना दाब आणि ओढ जाणवते, कारण बधिरता वेदना थांबवते, स्पर्श पूर्णपणे नाही. वेदना झालीच तर हात वर करावा; औषध आणखी देता येते.

घरी परतल्यावर बधिरता उतरेपर्यंत गरम चहा टाळावा. ओठ भाजला तरी तोवर कळत नाही.