एक माप, दोन रीती
(विद्यार्थ्यांच्या एका लहान प्रदर्शनाची हकीकत)

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही मजकडून धान्यबाजाराच्या तेजीमंदीवर लेख मागितला होता. तेजीमंदी आपणां सर्व व्यापारी बंधूंना रोजच पाठ करावी लागते. तीच पुन्हा छापून कागद कशाला खर्ची घालावयाचा? म्हणून यंदा मी निराळाच विषय घेतला आहे. त्यात आमच्या घरची थोडी नामुष्कीही आहे. ती वाचकांनी गोड मानून घ्यावी.

गेल्या ज्येष्ठात अमरगोळच्या बाजार आवारातील आमच्या दुकानी पाच विद्यार्थी आले. तीन मुली व दोन मुलगे. इतिहास शिकणारी ही मुले सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणावर होती. त्यांच्या महाविद्यालयात एक लहानसे वस्तुसंग्रहालय आहे, आणि त्यातील दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी एक खोली त्यांच्या स्वाधीन केलेली होती. तेथे काय मांडावयाचे, कसे मांडावयाचे व त्याविषयी काय लिहावयाचे, हे सर्व त्यांनीच ठरवावे, अशी अट. त्यांनी 'धान्य व माप' हा विषय घेतला होता. "अज्जा, तुमच्याकडे जुनी मापे आहेत काय?" असे त्यांतील एका मुलीने कन्नडमध्ये विचारले. आमच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची मापे पोत्यात बांधून पडलेली होती. ती भंगारात घालावी असा आमच्या चिरंजीवांचा दोनदा आग्रह झाला होता. मी पोते खाली काढविले.

वस्तुसंग्रहालय म्हटले की राजांच्या तलवारी व देवांच्या मूर्ती, अशीच माझी समजूत. धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेचे संग्रहालय मी पाहिले आहे. १९३९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक रा. स. पंचमुखी हे शिलालेखांचे मोठे जाणकार होते. तेथे लक्षात राहतात ती शिल्पे व शिलालेख. घरोघरच्या वस्तूंनाही मान असतो, हे मला पुण्यास दिनकर केळकरांचे संग्रहालय पाहून कळले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने १९२० च्या सुमारापासून अडकित्ते, दिवे, फण्या, भांडी यांच्यामागे आयुष्य वेचले आणि बालपणीच गेलेल्या राजा या आपल्या मुलाचे नाव संग्रहालयास दिले. परंतु मांडणी हे एक शास्त्र आहे व ते शिकविले जाते, ही गोष्ट मला नवी होती. मुलांबरोबर आलेल्या शिक्षिकाबाईंनी सांगितले की, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ सालीच या विद्येचा स्वतंत्र विभाग निघाला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तर २०१९ मध्ये मुलांसाठी निराळे संग्रहालय उघडले, तेव्हा वस्तूंची निवड मुलांच्याच एका गटाकडे सोपविली होती. हे ऐकल्यावर आमच्या दुकानात फरशीवर बसून पोते सोडणाऱ्या या मुलांकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो.

पोत्यातून एकूण बेचाळीस वस्तू निघाल्या. प्रत्येकीला क्रमांक, लांबीरुंदी, कोठे पोचा आहे, कोठे गंज आहे, याची वहीत नोंद. तीही शिसपेन्सिलीने, कारण जुन्या वस्तूंजवळ शाईची लेखणी न्यावयाची नाही असा नियम. पितळी शेर मी चिंचेने घासून लखलखीत करून देतो म्हटले, तर सगळी मुले एकदम "नको" म्हणून ओरडली. घासले की वापराच्या खुणा जातात, म्हणे. बेचाळिसांतून मांडावयाच्या फक्त चौदा. उरलेल्या अठ्ठावीस का नाहीत, यावर त्यांचा दोन दिवस वाद चालला होता. मला तर वाटे की सगळीच मांडावीत. गिऱ्हाइकाला माल भरपूर दिसला पाहिजे. पण चार माणसे एका वेळी आत आली तर त्यांना उभे राहावयास जागा हवी, मुलाला व म्हाताऱ्यालाही फलक वाचता आला पाहिजे, जुन्या कागदावर ५० लक्सपेक्षा अधिक उजेड पडता कामा नये, असे एकेक हिशेब त्यांनी कागदावर आखून दाखविले, तेव्हा मी गप्प बसलो.

एका बाबतीत मात्र माझा शब्द चालला. काचेच्या पेटीत मापांशेजारी खरी ज्वारी, तूर व गहू ओतून ठेवण्याचा त्यांचा बेत होता. मी म्हटले, पावसाळ्यात बंद पेटीत धान्य ठेवाल तर महिनाभरात काचेवर सोंडे फिरताना दिसतील, आणि शेजारच्या पेटीतील कागदही सुटणार नाहीत. औषधाची गोळी तर तेथे ठेवावयाचीच नाही; ती माणसाच्या जिवाला धोका. शेवटी पेटीत धान्य नाही, पेटीबाहेर उघड्या परातीत दोन किलो ज्वारी, आणि ती दर आठवड्यास बदलावयाची, असे ठरले. ही परातच पुढे साऱ्या प्रदर्शनाचा जीव ठरली.

नव्या पिढीच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आमच्या घरच्या पाढ्यात दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली असे. मण कोठे बारा पायल्यांचा, कोठे सोळांचा. वीस मणांची खंडी. ही सारी भरण्याची मापे, तोलण्याची नव्हेत. भांड्यात जितके मावेल तितके. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली, ती १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आली, आणि व्यापार काट्यावर गेला. माझा जन्म त्यानंतरचा. तरी किरकोळ विक्रीत शेर-चिपटे मी लहानपणी पाहिलेले आहे.

मापांबरोबर पोत्याच्या तळाशी आजोबांची १९३७ सालची एक कीर्द निघाली. मोडी लिपीतली. आजोबांनी मला मोडी ओळखण्यापुरती शिकविली होती, म्हणून मुलांनी मला वाचावयास बसविले. एक मुलगी कन्नडमध्ये लिहून घेत होती. ज्वारी, हरभरा, नावे, आकडे, सर्व सुरळीत चालले होते. मग तिनेच विचारले, "अज्जा, प्रत्येक ओळीच्या आरंभी हे लहान अक्षर कसले?"

खरेदीच्या ओळींपुढे 'शि' होते. विक्रीच्या ओळींपुढे 'स'.

मला तत्क्षणी कळले, आणि मी म्हणालो, "काही नाही, खूण आहे." मुलांनी मान डोलाविली व पुढे चला म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. शि म्हणजे शीग, स म्हणजे सपाट. शेतकऱ्याकडून घेताना माप शीग लावून घ्यावयाचे, म्हणजे काठावर धान्याचा डोंगर चढवून; गिऱ्हाइकास देताना हाताने पुसून सपाट द्यावयाचे. माप एकच, खरे, नियमाप्रमाणे; खोटे काहीच नाही. आजोबा रोज सामायिक करीत. रात्री जेवल्याचे कोणी पाहिलेले नाही. आणि श्रावकाच्या अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत एक हीनाधिकमानोन्मान आहे, हे त्यांनीच मला शिकविले होते. घेताना अधिक, देताना हीन.

दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयात जाऊन मुलांना अर्थ सांगितला. ती लगेच परातीकडे धावली. सपाट शेरात ज्वारी ९४० ग्रॅम भरली. शीग लावून १ किलो ३५ ग्रॅम. शेकडा दहा! एका मुलाने वहीत आकृती काढून दाखविले की, भांडे जितके पसरट तितकी शीग मोठी, तोंड जितके लहान तितकी ती कमी. साठ वर्षे धान्यात काढली, पण मापाच्या आकाराचा असा हिशेब मी कधी केला नव्हता. कीर्दीतल्या एका पानावर खरेदी ४० मणांची होती. त्यात चार मण या डोंगराचे.

माझ्या बाजूनेही सांगितले पाहिजे. ओले धान्य वाळते, उंदीर खातात, धूळ-माती निघते. त्या तुटीपोटी शीग घेण्याची रीत होती व शेतकऱ्यालाही ती ठाऊक असे. भावही तसाच ठरे, असे आमचे वडील सांगत. यात तथ्य आहे. परंतु नीट वाळलेल्या ज्वारीत तूट शेकडा दोन-तीनाच्या वर जात नाही, हे मी माझ्या गोदामाच्या अनुभवाने सांगतो. उरलेले सात कोणत्या खात्यात घालावयाचे?

मग फलकावर काय लिहावयाचे यावरून आमचे जुंपले. मुलांच्या पहिल्या मसुद्यात 'व्यापारी शेतकऱ्यांस फसवीत' असे होते. मी रागावलो. म्हटले, तुम्ही एक कीर्द वाचली आणि साऱ्या पेठेवर शिक्का मारता? सपाट घेऊन सपाट देणारेही होते. या मुलखात ऐहोळेच्या पाचशे व्यापाऱ्यांच्या संघाने मंदिरांना दाने दिल्याचे शिलालेख आहेत, तेही याच जातीचे! कीर्द परत मागण्यापर्यंत माझी मजल गेली. शिक्षिकाबाई मध्ये पडल्या नाहीत, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले. आता वाटत नाही. मुलांनी दोन दिवसांनी दुसरा मसुदा आणला. त्यात फसवणूक हा शब्द नव्हता. कीर्दीत खरेदीपुढे कोणते अक्षर आहे, विक्रीपुढे कोणते, त्यांचा अर्थ काय, व्यापारी तुटीचे कारण सांगत. एवढेच सहा ओळींत. खाली : 'माप भरून पाहा.' मी तो कागद घरी नेला, पत्नीला वाचून दाखविला. ती म्हणाली, "मामंजींचे नाव घातले आहे का?" नव्हते. "मग द्या," म्हणाली. क्षणभराने म्हणाली, "नाव घातले असते तरी द्यावयास हवे होते."

उसनवारीच्या कागदावर मी सही केली.

आषाढाच्या अखेरीस खोली उघडली. समारंभ लहानच, आपल्या संघाचे चार-सहा सभासदही आले होते. कीर्दीचे पान पाहून एका ज्येष्ठ बंधूंनी मला बाजूस घेतले व "हे कशास बाहेर काढलेत?" असे विचारले. दुसऱ्याने काही न बोलता शेर उचलला, शीग लावली, पुसली, पुन्हा लावली. त्यांच्या घरीही माळा आहे. मुलांनी योजिले नव्हते असे एक झाले : बाहेरगावाहून नातवास भेटावयास आलेला एक वृद्ध शेतकरी परातीशी बराच वेळ बसून राहिला. त्याने शेर भरला, शीग इतकी सुबक चढविली की एक दाणा खाली पडला नाही. नातवाला म्हणाला, "अशी चढवावी लागे. कमी चढली तर पोते परत करीत." हे वाक्य मुलांनी दुसऱ्या दिवशी फलकाच्या खाली जोडले.

प्रशिक्षण संपून मुले आपापल्या मार्गाने गेली. एक बडोद्यास पुढील शिक्षणासाठी अर्ज करणार आहे, असे कळते. कीर्द कबुलीप्रमाणे परत आली. उजेडाने तिचे पान पिवळे पडू नये म्हणून आता तेथे तिचे छायाचित्र लावले आहे. शेर अद्याप तेथेच आहे. दर सोमवारी दुकानातून दोन किलो ज्वारी जाते, काट्यावर तोलून, पावतीसह.