दाबवर्धक विद्युत् मंडल
घटाचा विद्युत् दाब एखाद्या उपकरणास अपुरा पडत असल्यास त्याच घटापासून आवश्यक तेवढा दाब मिळवून देणारे मंडल. एकाच कोरड्या घटावर प्रकाश-उत्सर्जक डायोड म्हणजेच एलईडी पेटविणारे ‘जूल थीफ’ हे मंडल याचे सर्वांत सोपे उदाहरण होय. जूल हे ऊर्जेचे एकक असून टाकाऊ ठरलेल्या घटातील शेष ऊर्जा हे मंडल जणू चोरून घेते. ‘रत्नचोर’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर श्लेष करून हे नाव बनविलेले आहे.

गरज : नव्या कोरड्या घटाचा दाब सु. १·५ व्होल्ट असतो. तांबड्या एलईडीस सु. २ व्होल्ट, तर पांढऱ्या एलईडीस सु. ३ व्होल्ट दाब लागतो; त्याहून बराच कमी दाब असल्यास त्यातून जवळजवळ प्रवाह वाहत नाही. वापराने घटाचा दाब १ व्होल्टच्या आसपास उतरला की, पुष्कळशी उपकरणे बंद पडतात व घट टाकून दिला जातो. परंतु त्या वेळी घटातील ऊर्जा संपलेली नसते. ती उपयुक्त दाबाने मिळत नाही एवढेच.

रचना : फेराइटाच्या लहान कड्यावर निरनिराळ्या रंगांच्या दोन निरोधित तारा जोडीने गुंडाळून प्रत्येकीचे सु. २० वेढे देतात. एका तारेची सुरुवात व दुसरीचा शेवट एकत्र जोडून तो सांधा घटाच्या धन अग्राशी जोडतात. उरलेल्या दोन टोकांपैकी एक १,००० ओहम रोधकामार्फत एनपीएन ट्रँझिस्टराच्या आधारास व दुसरे संग्राहकास जोडतात. उत्सर्जक घटाच्या ऋण अग्राशी जोडतात. एलईडीचे धन टोक संग्राहकाशी व ऋण टोक उत्सर्जकाशी जोडले की मंडल पूर्ण होते. ते न चालल्यास बहुधा एका तारेची टोके उलट जोडली गेलेली असतात.

कार्य : रोधकातून आलेल्या अल्प प्रवाहाने ट्रँझिस्टर संवाहक होऊ लागतो व संग्राहकाच्या वेटोळ्यातील प्रवाह वाढतो. या वाढीमुळे दुसऱ्या वेटोळ्यात प्रवर्तित झालेला दाब आधाराचा प्रवाह आणखी वाढवितो व ट्रँझिस्टर पूर्ण संवाहक होतो. गाभा चुंबकीय दृष्ट्या संपृक्त झाला किंवा ट्रँझिस्टराची क्षमता संपली की ही वाढ थांबते. प्रवर्तित दाब नाहीसा होऊन ट्रँझिस्टर एकाएकी बंद होतो. वेटोळे मात्र प्रवाहातील बदलास विरोध करते. त्याचे चुंबकीय क्षेत्र ओसरताना निर्माण होणारा दाब घटाच्या दाबात मिळविला जातो व एलईडी पेटतो. हे चक्र सेकंदास हजारो वेळा घडत असल्याने डोळ्यास प्रकाश अखंड भासतो.

ऊर्जेचा हिशेब : दाब वाढला तरी ऊर्जा वाढत नाही. ३·२ व्होल्ट दाबाने सरासरी १० मिलिअँपिअर प्रवाह घेणाऱ्या एलईडीस ३२ मिलिवॉट शक्ती लागते. घटाचा दाब १·२ व्होल्ट असल्यास आदर्श मंडलासही घटातून सु. २७ मिलिअँपिअर प्रवाह घ्यावा लागेल. कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास तो सु. ४४ मिलिअँपिअर होईल. घट जसजसा उतरतो तसतसा प्रकाशही मंदावतो.

मर्यादा व दक्षता : सिलिकॉन ट्रँझिस्टर सुरू होण्यास आधारावर सु. ०·६ व्होल्ट दाब लागतो. त्याहून फार उतरलेल्या घटावर मंडल सुरू होत नाही. एलईडी न जोडता मंडल चालविल्यास दाब फार वाढून ट्रँझिस्टरास अपाय होऊ शकतो. पुनर्भारणक्षम घट असे पूर्ण रिते केल्यास खराब होतात. पूर्ण उतरलेल्या कोरड्या घटातून रसायने गळण्याचा संभव असल्याने तो काढून घ्यावा.

इतिहास : अशा आंदोलकाचा उपयोग निर्वात नलिकांच्या काळापासून, विशेषतः दूरचित्रवाणी संचांत, होत असे. पांढरे एलईडी १९९६ च्या सुमारास बाजारात आल्यावर त्यास नवे महत्त्व आले. नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ या ब्रिटिश मासिकात झेड्. कापारनिक यांनी एका घटावर एलईडी पेटविणारे असे मंडल प्रसिद्ध केले; पुढे क्लाइव्ह मिचेल यांनी ते ‘जूल थीफ’ या नावाने लोकप्रिय केले. थोड्या खर्चात प्रवर्तनाचे तत्त्व प्रत्यक्ष दाखविणारे हे मंडल विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठीही सोयीचे आहे.