खंड्याची अर्धी भाकरी

कला शाखेच्या विद्यार्थिनीने कुत्र्याच्या मेंदूतील गाठीवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. पण हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो आमच्या अंगणातूनच माझ्याकडे चालत आला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आईवडील दोघेही शेतमजुरी करतात. मी चौथीत असताना दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घोंगडीत गुंडाळून एक गावठी पिल्लू घरी आणले. तोच आमचा खंड्या. दहा वर्षे त्याने आमचे घर राखले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याचे वागणे बदलले. हाक मारली तर येईना. अंगणात तो उजवीकडेच गोल गोल फिरत राही, नाहीतर भिंतीला डोके टेकवून उभा राही. एका रात्री तो एकाएकी कोसळला. पाय ताठ झाले, अंग झटके देऊ लागले, तोंडाला फेस आला. कोणी कांदा फोडून आणला, कोणी नाकाशी चप्पल धरली. दोनेक मिनिटांत झटके थांबले. पण सकाळी दारात माणसे जमली. दोघांच्या हातांत काठ्या होत्या.

"पिसाळलंय ते. मारून टाका," एकजण म्हणाला.

"कुणाला चावलाय का? मग थांबा जरा," दादा म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "पोरी, तू शिकलीस नव्हं? सांग, याला काय झालंय."

मानसशास्त्राच्या वहीत मी मेंदूची आकृती रंगीत पेन्सिलींनी काढली होती. तरीही मला एक शब्द बोलता येईना.

तालुक्याच्या गावाहून पशुवैद्यकीय डॉक्टर आले. त्यांनी प्रथम खंड्याला वेगळे बांधायला लावले आणि त्याच्या तोंडाजवळ कोणी हात नेऊ नये अशी ताकीद दिली. लोकांची भीती खोटी नव्हती. रेबीजचे विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूत पोचतात आणि तिथेही वागणे बिघडते, झटके येतात. मात्र रेबीजची लक्षणे दिसू लागलेला कुत्रा साधारणपणे दहा दिवसांच्या आत मरतो. खंड्याला वर्षापूर्वी लस टोचलेली होती, तो कुणाला चावला नव्हता, आणि त्याचे हे वागणे तीन आठवड्यांपासून चालू होते.

"आणखी काही वेगळं दिसलं का?" डॉक्टरांनी विचारले. मी मान हलवली. दादा म्हणाले, "साहेब, थाळीतली त्याच्या उजव्या अंगाची भाकरी खातो, डावीकडची तशीच ठेवतो. थाळी फिरवली की ती बी खातो."

डॉक्टरांनी स्वतः थाळी फिरवून पाहिली. मग म्हणाले, "याच्या मेंदूच्या उजव्या भागात गाठ असावी."

अर्ध्या भाकरीवरून मेंदूतील गाठ कशी कळते? त्यांनी समजावून सांगितले आणि पुढे मी पुस्तकांतून वाचले, ते येथे मांडते. माणसाप्रमाणेच कुत्र्याच्या मेंदूचे दोन अर्ध असतात. डाव्या बाजूला जे दिसते, त्याची जाणीव मुख्यतः उजव्या अर्धाला होते. उजवा अर्ध बिघडला की डावीकडचे जग कुत्र्याच्या लेखी नाहीसेच होते. डोळे धड असूनही डावीकडची भाकरी त्याला जाणवत नाही. आणि ज्या बाजूस बिघाड, त्याच बाजूला तो गोल फिरतो. गाठ मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात असेल, तर मान एका बाजूला कलते, पाय लटपटतात, तोल जातो. म्हणजे लक्षणे नीट पाहिली, तर गाठ कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो.

या गाठी बहुधा पाच वर्षांवरील कुत्र्यांत आढळतात. काही मेंदूतच उगम पावतात. त्यांत मेंदूच्या आवरणापासून होणारी मेनिन्जिओमा ही गाठ सर्वांत अधिक, आणि त्याखालोखाल मेंदूच्या आधारपेशींपासून होणारी ग्लायोमा. बॉक्सर, बोस्टन टेरियर, फ्रेंच बुलडॉग अशा आखूड नाकाच्या जातींत ग्लायोमा, तर कोली, गोल्डन रिट्रीव्हर अशा लांब नाकाच्या जातींत मेनिन्जिओमा अधिक दिसते. पण गावठी कुत्रीही यातून सुटत नाहीत. दुसऱ्या काही गाठी स्तनांच्या किंवा प्लीहेच्या कर्करोगातून रक्तावाटे मेंदूत येतात.

गाठीपेक्षा तिच्यामुळे उद्भवणारे उपद्रव अधिक घातक. कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव यांची जागा ठरलेली असते. गाठ वाढली की भोवतालचा मेंदू सुजतो, कधी द्रवाची वाट अडते, आणि पेटीतला दाब वाढत जातो. कुत्रा सुस्त होतो, डोके भिंतीला टेकवतो. दाब फारच वाढला, तर मेंदूचा भाग कवटीच्या तळच्या छिद्राकडे सरकतो, श्वासाचे केंद्र चेपले जाते आणि मृत्यू ओढवतो.

दुसरा उपद्रव झटक्यांचा. पाच मिनिटांहून अधिक काळ झटका थांबला नाही, किंवा एका दिवसात एकापाठोपाठ अनेक आले, तर अंगाचा ताप धोक्याच्या पातळीवर जातो आणि मेंदूला आणखी इजा होते. अशा वेळी डॉक्टरांकडे तातडीने न्यावे. झटक्यात तोंडात पाणी घालू नये. ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. तोंडात हातही घालू नये. आसपासचे टणक सामान दूर करावे आणि झटका किती वेळ टिकला ते घड्याळात पाहावे. कांदा आणि चप्पल यांचा काही उपयोग नाही.

झटके येणारे प्रत्येक कुत्रे गाठीचेच असते असे नव्हे. विषबाधा, डिस्टेंपर, यकृताचे विकार, अपस्मार अशी कारणे अनेक. परंतु म्हाताऱ्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदाच झटका आला, तर गाठीचा संशय घ्यावा. गाठ दिसते ती एम. आर. आय. तपासणीत, कुत्र्याने हलू नये म्हणून त्यासाठी भूल द्यावी लागते. ती नेमकी कोणत्या प्रकारची, हे तिचा तुकडा तपासल्यावरच पक्के ठरते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनी काही कुत्री वर्षभर, कधी त्याहून अधिक जगतात. हे उपचार मोठ्या शहरात आणि मोठ्या खर्चाचे. आमच्यासारख्यांसाठी उरतात गोळ्या. प्रेडनिसोलोनने मेंदूची सूज उतरते, फेनोबार्बिटलने झटके आवरतात. तहान-भूक वाढते, चाल डगमगते. तरी फेनोबार्बिटल एकदम बंद करू नये, नाहीतर झटके उसळून येतात.

आम्ही खंड्याला शहरात नेऊ शकलो नाही. त्यामुळे गाठ होतीच, असे शपथेवर मी म्हणणार नाही. दहा दिवस उलटले, खंड्या जिवंत राहिला, आणि काठ्या घेऊन आलेले दोघे आपणहून त्याला पाहून गेले. गोळ्यांनी झटके कमी झाले. रोज रात्री दादा त्याच्यापुढे थाळी ठेवीत आणि अर्धी भाकरी संपली की थाळी फिरवून देत. अकरा आठवडे हे चालले. माघात एका पहाटे खंड्या झोपेतच गेला.

माझी वाचकांना एवढीच विनंती आहे. कुत्रे विचित्र वागू लागले तर त्याच्यापासून जपून राहा. ते चावले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विलंब न लावता लस घ्या. पण डॉक्टरांना दाखवण्याआधी काठी उचलू नका. गाठीचा आजार कुणाला लागत नाही.

मेंदूची आकृती माझ्या वहीत होती. खंड्याच्या थाळीकडे लक्ष होते ते दादांचे, ज्यांना सही करता येत नाही. आता मी त्या आकृतीखाली उजव्या अर्धाशी एक बाण काढून लिहिले आहे : 'डावीकडची भाकरी.' दादांनी ती वही मागून घेतली आणि पुष्कळ वेळ पाहिली.