यंत्र आणि त्याचा शिधा

इन्सुलिन निर्माण करण्याचे आपले नियत काम स्वादुपिंडाने बालवयातच सोडून दिले म्हणजे त्या कामाचा सगळा कारभार घरच्या माणसांच्या शिरावर येतो. आणि मंगरूळपीरला माझ्या बहिणीच्या घरी हा कारभार कसा चालतो हे मी जवळून पाहत आलो असल्यामुळे, भाचीसाठी इन्सुलिनचा पंप घ्यावा की न घ्यावा हा प्रश्न निघाला तेव्हा त्याच्या छाननीचे काम दाजींनी माझ्याकडे सोपविले.

इन्सुलिन टोचण्याच्या पेनच्या पद्धतीत इन्सुलिने दोन: दिवसातून एकदा घ्यावयाचे दीर्घकाळ टिकणारे, आणि प्रत्येक जेवणापूर्वी टोचावयाचे शीघ्र परिणामाचे. पंपाच्या टाकीत केवळ शीघ्र इन्सुलिन असते, आणि ते पोटाच्या त्वचेखाली बसविलेल्या मऊ नळीतून, एका युनिटच्या चाळिसाव्या हिश्शाइतक्या बारीक मापाने, अहोरात्र शरीरात उतरत राहते. ज्यांची शर्करा पहाटे चढते त्यांच्यासाठी त्या प्रहरापुरती मात्रा वाढविण्याची तरतूदही त्यात करता येते. जेवणाची मात्रा मात्र ताटातल्या पदार्थांचा हिशेब करून आपणच बटण दाबून द्यावयाची, आणि वऱ्हाडात हा हिशेब सोपा नाही. गोवऱ्यांच्या आरावर भाजून तुपात बुडविलेले रोडगे पचनास मंद. त्यांच्यासाठी एकदम दिलेले इन्सुलिन आपले काम आधीच उरकते आणि शर्करा पंगत उठून गेल्यावर चढू लागते. साधा पंप अशा जेवणाची मात्रा दोन हप्त्यांत विभागून दुसरा हप्ता काही तासांत सावकाश देतो. शर्करा मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेला मेडट्रॉनिक कंपनीचा ७८०जी पंप दर पाच मिनिटांनी शर्करा पाहून मात्रा स्वतःच कमीजास्त करतो, शर्करेला १००, ११० किंवा १२० या नेमून दिलेल्या अंकाकडे वळवीत राहतो. परंतु तो असा स्वयंचलित चालत असताना हप्त्यांची सोय बंद असते, आणि रोडग्यांचा निकाल त्याच्या स्वतःच्या तर्कावर सोपवावा लागतो. रात्रीच्या झोपेचा विचार केला तर मला तो सौदा फायद्याचा वाटला; ताईला वाटला नाही, कारण हातातला अधिकार यंत्राला देणे तिच्या स्वभावात नाही.

लॉस एंजेलिसच्या डॉ. आर्नोल्ड कॅडिश यांनी १९६० च्या दशकात बनविलेला पंप पाठीवर वाहावा लागे; आताचा खिशात मावतो. आकार घटला, तरी त्याची मूळ उणीव गेली नाही, आणि ती ही की शरीरात दीर्घकालीन इन्सुलिनचा साठाच नसल्यामुळे नळी मुडपली किंवा निसटली तर अवघ्या काही तासांत रक्तात कीटोन साचू लागतात. म्हणून पंप आला तरी पेने घरातून हलत नाहीत. आणखी एक जोखीम आपल्याकडची: पंपाला मिलिलिटरमागे १०० युनिटांचे इन्सुलिन लागते, तर तालुक्याच्या दुकानांतली स्वस्त कुपी बहुधा ४० युनिटांची, ती घाईत टाकीत भरली गेली तर मुलीला दोनपंचमांश मात्रा मिळेल आणि यंत्र सर्व काही ठीक असल्याचा निर्वाळा देत राहील.

शिवाय टाकीतले इन्सुलिन ३७ अंशांवर तापू नये असा दंडक, आणि आमच्याकडच्या वैशाखात पारा ४४ ओलांडतो. यावर दुपारी सावलीत राहणे आणि पंप कपड्यांच्या आत वागविणे, याहून निराळी तजवीज कोणी सांगितली नाही. वीज जाण्याची धास्ती मात्र व्यर्थ ठरली, कारण ७८०जी एका पेन्सिल सेलवर चालतो आणि तो सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतो.

नागपूरच्या डॉक्टरांनी प्रथम टाकीत मिठाचे पाणी भरून पंप नुसता अंगावर वागविण्यास दिला. भाचीने त्याची परीक्षा तिच्या रीतीने केली: शाळेच्या गणवेशाला खिसा कुठे लावावा, आणि “मामा, लंगडी खेळताना हे निसटलं तर?” खेळाच्या तासापुरता तो काढून ठेवता येतो हे कळल्यावर तिच्यापुरता प्रश्न मिटला.

दाजींचा मिटला नव्हता. यंत्राची किंमत लाखांत असते खरी, पण ती एकदाच भरावयाची. नळीचा सेट दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो म्हणजे महिन्याला दहा ते पंधरा सेट, आणि सेन्सर आठवड्याला एक. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो, हा खर्च दरमहा उभा राहतो. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट १९९५ पासून गरीब घरांतल्या अशा मुलांना इन्सुलिन पुरवीत आला आहे. तिथे रांगेत येणाऱ्या आईबापांपुढे कुपीचाच प्रश्न असतो, पंपाचा नसतो, ही जाणीव दाजींना होती आणि त्यामुळे ते अधिकच संकोचत होते. माझे मत मी स्पष्ट दिले: सेटांत खंड पडेल असे वाटत असेल तर ७८०जी घेऊन पेटीत ठेवण्यापेक्षा पेने बरी. अखेर ठरले ते असे की दिवाळीच्या सुमारास माल विकला गेला की वर्षभराच्या सेटांची आणि सेन्सरांची रक्कम आधी बँकेत निराळी काढावी, पंप कोणता ते उरलेल्या रकमेवरून पाहावे, आणि पुढच्या वर्षी पीक बुडाले तर सेन्सर थांबवून त्याच पंपावर ताईच्या हिशेबाने चालवावे. शेवटचे कलम ताईने स्वतः सुचविले.