विश्लेषण : रडारची लहर जोडावरूनच माघारी का फिरते? 'पाव लहरी'ची युक्ती काय आहे?

सातारा जिल्ह्यात मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांच्या अभ्यासासाठी 'एक्स-बँड' रडार बसवले. याच पट्ट्यातला पाऊस पुढे कृष्णेतून सांगलीत उतरतो. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. रडार पाऊस मोजते ते थेंबांवरून परतलेल्या क्षीण प्रतिध्वनीवरून. तो प्रतिध्वनी यंत्रातच गळाला तर?

जोडावर नेमके काय बिघडते?

बारीक कासरा जाड सोलाला बांधा आणि झटका द्या. लाट गाठीपर्यंत जाते, थोडी पुढे सरकते, उरलेली हाताकडे परत येते. सूक्ष्मलहरींचेही तसेच. प्रत्येक तारेचा, पट्टीचा स्वतःचा 'इम्पिडन्स' असतो, आणि तो बदलला की लहर परावर्तित होते. 50 ओहमच्या वाहिनीला 100 ओहमची अँटेना थेट जोडली तर एक-नवमांश, म्हणजे सुमारे 11 टक्के शक्ती माघारी फिरते.

रडारमध्ये साधारणपणे एकच अँटेना लहर सोडते आणि प्रतिध्वनीही टिपते. म्हणजे फटका दोनदा, एकूण सुमारे 21 टक्के. पावसाच्या रूढ सूत्रात हा आकडा घातला तर पाऊस जवळपास 14 टक्के कमी दिसेल. ही चूक कायम तेवढीच राहिली तर कॅलिब्रेशनने भरून काढता येते. पण जोडात ओल शिरली की तीही बदलते, आणि ओल शिरणार ती नेमकी पावसाळ्यात!

पाव लहर मदतीला कशी येते?

दोन बेजोड वाहिन्यांमध्ये तिसरी वाहिनी घालायची. तिची लांबी लहरीच्या पाव भागाएवढी. आता परावर्तने दोन होतात, एक तुकड्याच्या अलीकडच्या टोकाला, दुसरे पलीकडच्या. दुसरे परावर्तन जाऊन-येऊन अर्धी लहर जास्त चालते, त्यामुळे पहिल्याचा शिखर तिथे दुसऱ्याचा खळगा येतो आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. पूर्ण खोडायला दोन्ही सारखीच हवीत. म्हणून तुकड्याचा इम्पिडन्स दोन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ ठेवतात. 50 आणि 100 साठी तो 70.7 ओहम येतो. सर्किट बोर्डवर याचा अर्थ एवढाच, की तांब्याची पट्टी 50 ओहमच्या पट्टीपेक्षा अरुंद आणि 100 च्या पट्टीपेक्षा रुंद काढायची.

लांबी किती?

आकाशवाणी सांगलीच्या 1251 किलोहर्ट्झची लहर सुमारे 240 मीटरची, तिचा पाव भाग 60 मीटर. एवढी वाहिनी कोण अंथरणार? मध्यम लहरींवर हे काम सहसा मनोऱ्याच्या पायथ्याशी कॉइल आणि कपॅसिटर करतात. एक्स-बँडच्या 9.5 गिगाहर्ट्झला मात्र पाव लहर हवेत जेमतेम 7.9 मिलिमीटर. बोर्डवर लहर मंदावते, त्यामुळे टेफ्लॉनच्या बोर्डवर पट्टी आणखी आखूड, पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास निघते. हवेतले माप तसेच बोर्डवर उतरवणे ही नवशिक्यांची हमखास चूक.

मर्यादा कोणत्या?

ही युक्ती ठरलेल्या वारंवारतेलाच चोख चालते. वारंवारता दुप्पट केली तर तीच पट्टी अर्ध्या लहरीची होते आणि असून नसल्यासारखी ठरते. पट्टा रुंद हवा असेल तर एका पायरीऐवजी दोन-तीन पायऱ्या घेतात. वरच्याच उदाहरणात 59.5 आणि 84.1 ओहम. शिवाय अँटेनात कॉइल किंवा कपॅसिटरसारखा गुण असेल तर तो आधी वेगळ्या तुकड्याने मारावा लागतो.

वाचताना नाकावर चष्मा असेल तर काच उजेडात तिरपी धरून पाहा. त्यावरची हिरवट-जांभळट झाक याच तत्त्वाच्या थराची. साध्या एकपदरी थराची जाडी मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग असते. चांगल्या काचांवर असे अनेक थर चढवतात, रुंद पट्ट्याच्या सर्किटातल्या पायऱ्यांसारखेच.